इच्छामरणाला कायद्याचे कुंपण हवे

दिवाळी अंक हा फराळाच्या ताटाशेजारी ठेवून चाळायचा असतो. त्यात मरणाचा विषय काढणे म्हणजे करंजीच्या सारणात खडा घालण्यासारखे आहे, असे कित्येक वाचकांना वाटेल. परंतु आपल्या पूर्वजांना ही भीती वाटत नव्हती, असे दिसते. धनत्रयोदशीच्या तिन्हीसांजेला दाराबाहेर दक्षिणेकडे वात करून जो दिवा आपण ठेवतो, तो यमासाठी; आणि बहीण भावाला ज्या दिवशी ओवाळते त्या भाऊबीजेचे पंचांगातले नाव यमद्वितीया. म्हणजे सणाच्या आरंभी आणि अखेरीस आपण यमराजाची आठवण ठेवतो, आणि मधल्या दिवसांत चकल्या-चिवडा खातो. जी गोष्ट रिवाजात बसते ती घरातल्या बोलण्यात मात्र बसत नाही. “अशुभ बोलू नये” असे म्हणून आपण एकमेकांना गप्प करतो. मग एके दिवशी अतिदक्षता विभागाच्या दाराशी, रात्री दोन वाजता, हातात कागद घेतलेला एक अनोळखी तरुण डॉक्टर तोच प्रश्न आपल्याला विचारतो आणि पाच मिनिटांत उत्तर मागतो.

तो प्रश्न या लेखात जरा सवडीने विचारावा, असा माझा मानस आहे. ज्याचा आजार बरा होण्याची आशा उरलेली नाही, ज्याच्या यातना असह्य झाल्या आहेत आणि ज्याची बुद्धी शाबूत आहे, अशा माणसाने पूर्ण विचार करून मरण मागितले, तर ते देण्याची मुभा कायद्याने डॉक्टरला द्यावी काय? माझे उत्तर आधीच सांगून टाकतो : द्यावी, पण भक्कम कुंपण घालून. कुंपण घालण्याची तयारी नसेल तर देऊ नये. हे उत्तर काहींना फार पुढचे वाटेल, काहींना फार मिळमिळीत. दोघांनीही लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

एक शब्द आणि चार अर्थ

आपण ‘दयामरण’ हा एकच शब्द चार निरनिराळ्या गोष्टींना लावतो आणि निम्मे वाद त्यातूनच उत्पन्न होतात. पहिली गोष्ट म्हणजे निरुपयोगी ठरलेले उपचार थांबवणे : श्वासाचे यंत्र काढून घेणे किंवा मुळातच न लावणे. दुसरी, रुग्णाच्या मागणीवरून डॉक्टरने औषध देऊन त्याचे जीवन संपवणे. तिसरी, डॉक्टरने औषध फक्त लिहून देणे आणि रुग्णाने ते स्वतःच्या हाताने घेणे. आणि चौथी, रुग्णाने काहीही मागितलेले नसताना इतरांनी त्याची दया येऊन त्याला मारणे. यांपैकी दुसरी आणि तिसरी गोष्ट तेवढी खऱ्या अर्थाने इच्छामरण होय. चौथीत इच्छा दुसऱ्याची असते; तिचे समर्थन मी करणार नाही.

भारतात यांपैकी पहिल्या गोष्टीला कायद्याची मान्यता आहे. दुसरी गोष्ट, रुग्णाची संमती असली तरी, मनुष्यवधाच्या गुन्ह्यात मोडते. आणि तिसरी आत्महत्येला साहाय्य करण्याच्या.

येथे आणखी एक फरक नीट ध्यानात ठेवला पाहिजे. परीक्षेत नापास झालेला मुलगा, कर्जाने गांजलेला शेतकरी, सासुरवासाला विटलेली मुलगी यांच्या मनात जेव्हा मरणाचा विचार येतो तेव्हा त्यांना मरण नको असते, त्या अवस्थेतून सुटका हवी असते, आणि ती सुटका शक्य असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हे ओळखले आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरावे आणि सरकारने त्याच्या उपचाराची सोय करावी, असे तो कायदा सांगतो. अशा माणसाला हवी असते माणसांची साथ. प्रस्तुत लेखाचा विषय तो नव्हे. ज्याच्या दाराशी मरण येऊन उभेच आहे आणि ज्याला फक्त त्याने किती छळून न्यावे एवढेच ठरवायचे आहे, त्याच्याविषयी मी बोलत आहे.

आपली परंपरा काय म्हणते?

हा सारा पाश्चात्त्यांचा खूळपणा आहे, असे म्हणणारे गृहस्थ मला वारंवार भेटतात. त्यांना मी शरपंजरी पडून उत्तरायणाची वाट पाहणाऱ्या भीष्माची आठवण देतो. १२९६ साली आळंदीला समाधी घेणाऱ्या ज्ञानेश्वरांचे नाव तर आपण रोज घेतो. अगदी आपल्या काळातले सांगायचे तर १९६६ च्या फेब्रुवारीत स्वातंत्र्यवीर सावरकरांनी औषध आणि अन्न सोडून प्रायोपवेशनाने देह ठेवला. आत्महत्या आणि आत्मार्पण यांतला भेद त्यांनी आधीच लेखातून मांडून ठेवला होता. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारले आणि १५ नोव्हेंबरला ते गेले. जैन समाजात सल्लेखनेचे व्रत शतकानुशतके चालत आले आहे. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने त्याला आत्महत्या ठरवले, तेव्हा त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

तेव्हा, आयुष्य पुरे झाले हे ओळखून ते शांतपणे खाली ठेवावे, ही कल्पना आपल्याला परकी नाही. परंतु परंपरेचा दाखला देताना एक गोष्ट आपण विसरतो. ही सारी असामान्य माणसे होती. त्यांचा निश्चय लोखंडाचा होता आणि भोवती त्यांचा शब्द झेलणारी माणसे होती. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत पडलेल्या, नाकात नळी घातलेल्या आणि कूससुद्धा दुसऱ्याच्या हाताने बदलावी लागणाऱ्या सामान्य गृहस्थाला प्रायोपवेशन कोण करू देणार? त्याचा प्रश्न अध्यात्माचा राहत नाही. तो इस्पितळाचा आणि कायद्याचा होतो.

एकाच वर्षातल्या दोन घटना

१९७३ हे या विषयाच्या इतिहासातले विलक्षण वर्ष आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत हॉलंडमधल्या लेउवार्डन गावच्या न्यायालयात पोस्टमा नावाच्या एका डॉक्टरीणबाईंवर खटला चालला. त्यांच्या आईला मेंदूतील रक्तस्रावाने पक्षाघात झाला होता. ती शुश्रूषागृहात होती आणि मरण मागत होती. लेकीने १९७१ साली तिला मॉर्फिनचे इंजेक्शन देऊन तिचे जीवन संपवले. न्यायालयाने बाईंना दोषी ठरवले, पण शिक्षा दिली ती एका आठवड्याच्या कैदेची, आणि तीही स्थगित ठेवली. त्या एका निकालाने सारा देश बोलू लागला.

ते बोलणे जवळजवळ तीस वर्षे चालले. १९८४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निवाडा दिला की, रुग्णाचे प्राण रक्षण करणे आणि त्याचे असह्य दुःख दूर करणे या दोन कर्तव्यांच्या कात्रीत सापडलेल्या डॉक्टरला अपरिहार्यतेचा बचाव घेता येईल. पुढे सरकारने आयोग नेमला, डॉक्टरांच्या संस्थेने नियम केले, आणि अखेर २००१ च्या एप्रिलमध्ये कायदा संमत होऊन १ एप्रिल २००२ पासून तो अमलात आला. राष्ट्रव्यापी असा हा जगातला पहिला कायदा. त्यापूर्वी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर प्रांताने १९९६ साली तसा कायदा अमलात आणला होता. पण वर्षाच्या आतच तेथील केंद्रीय संसदेने तो निकालात काढला. तेवढ्या काळात चार रुग्णांनी त्याचा आधार घेतला होता.

डच कायद्याची मांडणी पाहण्याजोगी आहे. रुग्णाची मागणी स्वेच्छेची आणि विचारपूर्वक केलेली असली पाहिजे. त्याचे दुःख असह्य आणि सुधारणेची आशा नसलेले असले पाहिजे. त्याला आपल्या प्रकृतीची खरी कल्पना दिलेली असली पाहिजे. दुसरा कोणताही वाजवी मार्ग उरलेला नाही, असे डॉक्टर आणि रुग्ण या दोघांचेही मत झाले पाहिजे. या प्रकरणाशी संबंध नसलेल्या आणखी एका डॉक्टरने रुग्णाला समक्ष पाहून लेखी मत दिले पाहिजे. आणि शेवटची कृती वैद्यकीय काळजीने झाली पाहिजे. एवढ्याने भागत नाही. प्रत्येक प्रकरण मृत्यूनंतर डॉक्टरने स्वतः कळवायचे असते. मग कायदेपंडित, डॉक्टर आणि नीतिशास्त्रज्ञ यांची समिती ते तपासते. नियम मोडल्याचे दिसले तर कागद सरकारी वकिलाकडे जातात. आणि आपली सद्सद्विवेकबुद्धी मान्य करत नसेल तर कोणत्याही डॉक्टरवर हे काम करण्याची सक्ती नाही.

आता त्याच १९७३ सालची दुसरी घटना. २७ नोव्हेंबरला मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानभाग या तरुण परिचारिकेवर तेथल्याच एका वॉर्डबॉयने पाशवी हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला आणि ती मुलगी पुन्हा कधी भानावर आली नाही. लेखिका पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो फेटाळला, पण त्याच निकालात उपचार थांबवण्याचा मार्ग प्रथमच, उच्च न्यायालयाच्या परवानगीच्या अटीवर, खुला करून दिला. अरुणा शानभाग १८ मे २०१५ रोजी न्युमोनियाने गेल्या. साडेएकेचाळीस वर्षे त्या अंथरुणावर होत्या.

या खटल्याचा दाखला इच्छामरणाचे पुरस्कर्ते नेहमी देतात. मला मात्र तो वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. के. ई. एम.च्या परिचारिकांच्या पिढ्यांनी या आपल्या सहकारिणीला भरवले, न्हाऊमाखू घातले, आणि इतक्या वर्षांत तिच्या अंगावर जखमा होऊ दिल्या नाहीत. ‘आम्हाला ती जड झालेली नाही’ अशी त्यांची भूमिका होती, आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने त्यांचाच मानला. अरुणाची स्वतःची इच्छा काय होती? ते कोणालाच सांगता येत नव्हते. तिने कधी सांगितलेले नव्हते, आणि विचारण्याची सोय उरलेली नव्हती. म्हणजे आपल्या देशातला हा सर्वांत गाजलेला खटला इच्छामरणाचा नव्हताच. इच्छेची नोंद नसली की उरलेल्यांना कसे अंधारात चाचपडावे लागते, त्याचा तो धडा होता.

मुंबईतून निघालेली वाट

या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे न्यायालयाच्या आधी सुरू झाली, आणि ती मुंबईत सुरू झाली, हे वाचकांपैकी थोड्यांना ठाऊक असेल. १९८१ साली मिनू मसानी यांनी सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी तेथे एक संस्था काढली. १९८५ साली प्रा. सदानंद वर्दे यांनी महाराष्ट्राच्या विधान परिषदेत एक खाजगी विधेयक आणले. मरणोन्मुख रुग्णाच्या इच्छेनुसार कृत्रिम उपचार थांबवणाऱ्या डॉक्टरला संरक्षण मिळावे, असा त्याचा रोख होता. ते संमत झाले नाही. १९८६ साली मारुती दुबळ या पोलीस शिपायाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे कलमच घटनाबाह्य ठरवले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने तोच सूर लावला. पण १९९६ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला आणि जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे सांगितले. मात्र नैसर्गिक मरण सन्मानाने यावे हे जगण्याच्या हक्कातच बसते, असेही त्याच निकालात म्हटले होते. हा धागा धरून ९ मार्च २०१८ रोजी दुसऱ्या पाच न्यायमूर्तींनी उपचार नाकारण्याचे आगाऊ इच्छापत्र, ज्याला ‘लिव्हिंग विल’ म्हणतात, ते वैध ठरवले.

२०१८ च्या निकालातली पद्धत इतकी अवघड होती की, ती पार पाडेपर्यंत रुग्णाचाच निकाल लागावा. इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. डॉक्टरांच्या मंडळावर वीस-वीस वर्षांच्या अनुभवाची माणसे लागत. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ती साक्षांकित केली की पुरते. वेळ आली म्हणजे इस्पितळातले पहिले मंडळ आणि जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेल्या डॉक्टरचा समावेश असलेले दुसरे मंडळ, अशा दोन चाळण्यांतून निर्णय जातो. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, तज्ज्ञांना पाच वर्षांचा अनुभव असावा, आणि अंमलबजावणीपूर्वी दंडाधिकाऱ्याला कळवावे, असा नियम आहे.

सहीचे ओझे

हा कायदा सोपा होण्यापूर्वी काय होत असे, ते मी माझ्या घरात पाहिले आहे. २०१६ च्या पावसाळ्यात माझी थोरली बहीण, आमची अक्का, कर्करोगाने शेवटच्या अवस्थेत होती. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई. सारे हिशेब तिने आधीच मांडले होते. आम्हा सर्वांना जवळ बसवून ती म्हणाली होती, “हे बघा, मला घरी राहू द्या. नळ्या नकोत, यंत्रं नकोत. दुखलं तर दुखू नये एवढं बघा. पुरे.” तिने ते सांगितले, आम्ही ऐकले, पण कागदावर एक अक्षर नव्हते. एका रात्री तिला धाप लागली. घाबरून शेजाऱ्यांनी गाडी बोलावली आणि सकाळी आम्ही पोचलो तेव्हा अक्का एका मोठ्या खाजगी इस्पितळात श्वासाच्या यंत्रावर होती.

ती त्यावर एकवीस दिवस होती. तिचे दोन्ही हात पलंगाला बांधलेले होते, कारण शुद्ध येताच ती नळी ओढू पाही. तिची इच्छा मी डॉक्टरांना सांगितली. ते सज्जन होते. म्हणाले, “काका, मला कळतंय. पण लावलेलं यंत्र काढायचं तर हायकोर्टाची परवानगी हवी. ती आणणार कोण?” मग एके दिवशी रुग्णाला स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेण्याचा कागद त्यांनी भाच्यापुढे ठेवला. भाच्याने लेखणी हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. मला म्हणाला, “मामा, आईला काय हवं होतं ते मला माहीत आहे. पण माझ्याने सही होत नाही. उद्या लोक म्हणतील, बिल वाढत होतं म्हणून आईला घरी आणलं.” त्याने सही केली नाही. त्याला मी कधीही दोष दिला नाही. एकविसाव्या दिवशी अक्का गेली.

आईची इच्छा पूर्ण करणे हे त्या मुलाचे काम होते. तिच्या मृत्यूचा निर्णय घेणे हे त्याचे काम नव्हते. कायद्याअभावी ही दोन्ही कामे एक होऊन त्याच्या एका सहीवर येऊन बसली. आगाऊ लिहिलेल्या कागदाचे मोल मला त्या दिवशी कळले. तो मरणाऱ्यासाठी जितका असतो, त्याहून अधिक मागे राहणाऱ्यासाठी असतो.

आक्षेप आणि त्यांचे वजन

आता विरोधकांचे ऐकू. त्यांचे म्हणणे पोरकट नाही.

पहिला आक्षेप असा की, एकदा दार किलकिले केले की ते सताड उघडते. हॉलंडमध्ये २००२ साली अशी १,८८२ प्रकरणे नोंदली गेली. २०२४ साली ९,९५८, म्हणजे त्या देशातल्या एकूण मृत्यूंपैकी ५.८ टक्के. आरंभी बहुतेक कर्करोगाचे रुग्ण असत. आजही तेच बहुसंख्य आहेत, पण स्मृतिभ्रंशाच्या आणि मनोविकाराच्या रुग्णांचाही त्यात समावेश होऊ लागला आहे. समर्थक म्हणतात, ही वाढ लोकांचा विश्वास दाखवते. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. म्हणूनच आपल्याकडे दार उघडायचेच झाले तर ते मरणोन्मुख रुग्णापुरते उघडावे, असे माझे मत आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्याने १९९७ पासून असेच केले आहे. सहा महिन्यांत मृत्यू अटळ असल्याचा दोन डॉक्टरांचा निर्वाळा, रुग्णाची दोनदा तोंडी आणि एकदा लेखी मागणी, आणि औषध त्याने स्वतःच घेणे, अशी तेथील रीत आहे. गमतीची गोष्ट अशी की, औषध लिहून घेतलेल्यांपैकी बरेच जण ते घेतच नाहीत. सुटकेची किल्ली उशाशी आहे एवढ्यानेच त्यांना उरलेले दिवस सोसवतात.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. आपल्याकडे म्हातारा बाप मरण मागतो ते यातनांनी की सुनेच्या तोंडाने? जमिनीचा सातबारा, फ्लॅटचे कागद, बँकेतल्या ठेवी, यांच्यावर डोळा ठेवून बसलेले वारस आपण पाहिलेले नाहीत काय? आणि इस्पितळाचे बिल? हॉलंडमध्ये आरोग्यविमा सर्वांना सक्तीचा आहे आणि प्रत्येकाला वर्षानुवर्षे ओळखणारा घरचा डॉक्टर आहे. तेथला रुग्ण मरण मागतो तेव्हा घर विकावे लागेल म्हणून मागत नाही. आपल्याकडे मागू शकतो. ‘मी तुम्हाला जड झालो’ या भावनेतून निघालेली इच्छा ही इच्छाच नव्हे. या आक्षेपापुढे मी मान तुकवतो. आणि त्यातूनच कुंपणाची पहिली मेढ रोवतो.

तिसरा आक्षेप डॉक्टरमंडळींचा : आमचा धर्म जगवण्याचा आहे. त्यांना मी एवढेच विचारीन की, दुःख शमवणे हाही त्याच धर्माचा भाग नव्हे काय? वेदनाशामक आणि उपशामक उपचारांची आपल्याकडची अवस्था काय आहे? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिनसारखे स्वस्त औषध इतक्या परवान्यांत अडकवले की, बहुतेक इस्पितळांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली, पण सवय अजून मोडलेली नाही. आपल्या महाराष्ट्रात वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्याला वारज्याचे सिप्ला केंद्र १९९७ पासून अशा रुग्णांची विनामूल्य सेवा करीत आहेत. परंतु अशी ठिकाणे किती? ज्याला वेदनेतून सोडवण्याची सोय आपण केली नाही, त्याला मरणाची सोय करून देणे हा न्याय नव्हे.

कुंपणाच्या मेढी

तेव्हा माझ्या मते कायदा व्हावा तो असा. मागणी प्रौढ आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाने स्वतः करावी. मुलगा, नवरा, पालक कोणालाही ती त्याच्या वतीने करता येऊ नये. आजार असाध्य आणि मरण जवळ असल्याचे दोन स्वतंत्र डॉक्टरांनी लिहून द्यावे, आणि त्यांपैकी एकाचा त्या इस्पितळाशी पैशाचा संबंध नसावा. उपशामक उपचार प्रत्यक्ष देऊन पाहिल्याखेरीज अर्ज विचारातच घेऊ नये. आणि ते उपचार सरकारने फुकट द्यावेत. नैराश्याचा आजार तर नाही ना, हे मनोविकारतज्ज्ञाने पाहावे. पहिल्या आणि दुसऱ्या मागणीत काही दिवसांचे अंतर असावे, आणि रुग्णाने नुसती मान हलवली तरी अर्ज रद्द व्हावा. ज्यांना वारसाहक्काने काही मिळणार आहे ते साक्षीला नसावेत, आणि रुग्णाशी एकदा तरी एकांतात, घरच्या माणसांना बाहेर बसवून, बोलणे व्हावे. प्रत्येक प्रकरणाची मागाहून समितीने तपासणी करावी. आणि ज्या डॉक्टरचे मन घेत नाही त्याने खुशाल नकार द्यावा.

ही यादी वाचून कोणी म्हणेल, एवढ्या अटी पाळून कोण मरणार? मी म्हणतो, थोडेच लोक. आणि तेच योग्य आहे. कुंपण रानात घालतात ते वाट बंद करायला नव्हे, ढोरे आत शिरू नयेत म्हणून. ज्याला खरोखर जायचे आहे त्याच्यासाठी फाटक असतेच.

असा कायदा होईल तेव्हा होईल. पण जे आज हातात आहे, तेही आपण करीत नाही. उपचारांविषयीचे आगाऊ इच्छापत्र आज कायदेशीर आहे. ते सक्रिय मरण मागत नाही. फक्त ‘आशा संपल्यावर मला यंत्रांवर लोंबकळत ठेवू नका’ एवढे सांगते. त्यात विश्वासाच्या माणसांची नावे घालायची असतात. एक प्रत त्यांच्याकडे, एक घरच्या डॉक्टरकडे आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी असे अधिकारी नेमले जावेत म्हणून उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि त्यानंतर आपल्या राज्यात ते नेमले गेले. २०२४ साली गोव्यात तर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र करून पायंडा पाडला. मन बदलले तर हा कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो.

मीही गेल्या वर्षी तो केला. मसुदा घेऊन जेवणाच्या टेबलावर बसलो तेव्हा मुलगा म्हणाला, “बाबा, धडधाकट आहात, आत्ताच कशाला हे?” मी म्हटले, “धडधाकट आहे तोवरच या सहीला अर्थ आहे.” सौभाग्यवती बराच वेळ वाटाणे सोलीत गप्प बसली होती. मग म्हणाली, “अहो, माझंही लिहून घ्या. पण एक घाला. पाणी मागितलं तर कोणी नाही म्हणायचं नाही, आणि दुखलं तर औषध द्यायचं. आणि तुम्ही जवळ बसायचं.” शेवटचे वाक्य कायद्याच्या मसुद्यात बसत नाही, असे नोटरीचे म्हणणे पडले. आम्ही ते पेनने खाली लिहिले.

वाचकहो, या चार दिवसांत मुले घरी येतील, लेकी माहेरी येतील, एरवी फोनवरही न सापडणारी माणसे एका पंगतीला बसतील. आपल्याला शेवटी काय हवे आणि काय नको, हे त्यांना एकदा स्पष्ट सांगा, आणि आपल्या वडीलधाऱ्यांनाही प्रेमाने विचारा. ऐकणाऱ्यांना क्षणभर कसेसेच होईल. परंतु पुढे कधीतरी त्यांच्या हातात लेखणी येईल, तेव्हा ती थरथरणार नाही.